डिसेक्शन हॉलमध्ये मानेच्या तळापर्यंत

मेडिकलच्या पहिल्या वर्षाला असताना एका दुपारी, शिकायला दिलेल्या मृत शरीराची मान उघडताना, मी फ्रेनिक नर्व्ह (मज्जातंतू) कापली. स्केलिनस अँटिरियर या स्नायूवर एक चकचकीत पापुद्रा होता. त्याच्या आडून एक पांढरट दोरा उभा खाली उतरत होता आणि मला तो पापुद्र्याचाच धागा वाटला, म्हणून कात्री चालवली. आमच्या सरांनी चिमट्यात दोन्ही टोकं धरली, जुळवून दाखवली आणि एवढंच विचारलं, "हिच्या जिवावर काय चालतं, सांग." डायफ्राम, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला श्वासाचा पडदा, हे मला सांगता आलं नाही. नाव पाठ होतं. मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या नर्व्हपासून ती निघते हेही पाठ होतं. पण ती कशाच्या वर आणि कशाच्या खाली असते, हे कधी नीट पाहिलंच नव्हतं. टेबलाच्या दुसऱ्या बाजूची मान शाबूत होती म्हणून बॅचमधल्या बाकीच्यांना ती बघायला तरी मिळाली.

आता मी मुंबईतल्याच एका मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवते. हात आणि पाय उत्तम केलेली मुलं मानेपाशी येऊन अडतात, हे दर वर्षी बघते. यात त्यांच्या मेहनतीचा दोष नाही. हात वरून खाली वाचता येतो: खांदा, दंड, कोपर, मनगट. मान तशी वाचता येत नाही, ती बाहेरून आत वाचावी लागते. पुस्तकातलं चित्र सपाट असतं आणि खोली नेमकी त्यातच हरवते. म्हणून या लेखात मी नावांच्या याद्या देणार नाही. कोण कोणाच्या पुढे, कोण कोणाच्या मागे, एवढाच धागा धरून आपण कातडीपासून मणक्यापर्यंत उतरू.

एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, फिजिओथेरपी अशा कोणत्याही वर्गाला हे उपयोगी पडेल. दहावीपर्यंत मराठीतून शिकून मुंबईच्या हॉस्टेलवर आलेल्या मुलामुलींना एक गोष्ट आवर्जून सांगते. नावं आहेत तशीच ठेवा, परीक्षेत तीच लिहायची आहेत. पण "ही हिच्या मागून जाते" हे वाक्य मनाशी मराठीतच बोला. खोलीचा विचार ज्या भाषेत आपोआप होतो, त्याच भाषेत तो केला की पक्का बसतो.

हाडं आधी

सीनियरकडून मिळालेला बोन सेट उघडा आणि त्यातून मानेचे मणके, पहिली बरगडी, क्लॅव्हिकल म्हणजे गळ्याचं हाड, खालचा जबडा आणि कवटी एवढंच बाहेर काढा. हायॉइड हे छोटं हाड बऱ्याच सेटमध्ये नसतं, ते म्युझियममध्ये बघून घ्या.

मणक्यांमध्ये आडव्या प्रवर्धांकडे, म्हणजे दोन्ही बाजूंना निघालेल्या हाडाच्या टोकांकडे, लक्ष द्या. मानेच्या प्रत्येक मणक्याच्या आडव्या प्रवर्धात एक भोक असतं आणि व्हर्टिब्रल आर्टरी (धमनी) त्यातून वर चढते. पण ती सातव्या मणक्याच्या भोकात शिरत नाही, सहाव्यापासून सुरुवात करते. सहाव्या मणक्याच्या आडव्या प्रवर्धाचा पुढचा उंचवटा चांगला ठसठशीत असतो. त्याला कॅरॉटिड ट्यूबरकल म्हणतात, कारण कॉमन कॅरॉटिड आर्टरी त्याच्यावर दाबता येते. हा सहावा मणका पुढे सतत भेटणार आहे.

मग पहिली बरगडी हातात घ्या. सगळ्या बरगड्यांमध्ये ती आखूड, रुंद आणि जास्त वळलेली असते. तिच्या वरच्या सपाट बाजूवर आतल्या कडेला एक बारीक टोक लागेल, तो स्केलिन ट्यूबरकल. त्याच्या पुढची पन्हळ सबक्लेव्हियन व्हेनची (शिरेची). मागची पन्हळ सबक्लेव्हियन आर्टरीची, आणि ब्रेकियल प्लेक्ससचा, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याचा, सर्वांत खालचा ट्रंक (जाड खोड) त्याच बाजूने जातो. या दोन पन्हळी आणि मधलं टोक यांच्यावर मानेचं मूळ उभं आहे. डोळे मिटून अंगठ्यानं टोक सापडेपर्यंत बरगडी हातातच राहू द्या.

आरशासमोर

हॉलमध्ये जाण्याच्या आदल्या रात्री स्वतःची मान तपासा. हनुवटीखालून बोट मध्यरेषेवर सरकवत आणा. पहिलं कडक लागतं ते हायॉइड, साधारण तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर. त्याखाली थायरॉइड कार्टिलेजची खाच, म्हणजे आपला कंठमणी, चौथ्याच्या आसपास. मग एक मऊ खळगा लागतो आणि लगेच क्रिकॉइडची अंगठी, सहाव्या मणक्याच्या पातळीवर. त्याखाली श्वासनलिकेच्या कड्या आणि शेवटी छातीच्या हाडावरची खाच.

क्रिकॉइडवर बोट ठेवून थांबा. स्वरयंत्र इथे संपतं आणि श्वासनलिका सुरू होते. मागे फॅरिंक्स, म्हणजे घसा, संपून अन्ननलिका सुरू होते. व्हर्टिब्रल आर्टरी याच पातळीवर मणक्याच्या भोकात शिरते. सिम्पथेटिक साखळी या नर्व्हच्या उभ्या माळेचा मधला गँग्लिऑन (गाठ) इथेच असतो, आणि ओमोहायॉइड स्नायू कॅरॉटिड शीथला, म्हणजे मोठ्या रक्तवाहिन्यांच्या म्यानाला, साधारण इथेच ओलांडतो. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, "क्रिकॉइडच्या पातळीवर काय काय?" हा प्रश्न ठरलेला असतो. आरशासमोर केलेलं तिथे आठवतं.

कंठमण्याच्या बाजूला बोटं सरकवली की कॅरॉटिडचे ठोके लागतात. हे एका वेळी एकाच बाजूला आणि अगदी हलक्या हातानं करा. कॅरॉटिड दुभागते तिथे रक्तदाब मोजणारा कॅरॉटिड सायनस असतो. तो जोरात दाबला तर ठोके मंदावून माणसाला चक्कर येऊ शकते. खोलीतल्या मित्राच्या मानेवरही हा नियम सोडू नका.

चार पापुद्रे, आणि त्यातून वाहणारा पू

इथे घाई करणारे विद्यार्थी पुढे सगळीकडे अडखळतात. फॅशिआ, म्हणजे अवयवांना वेढणारा पापुद्रा, हा शब्द रुक्ष वाटतो, पण मानेचा नकाशा म्हणजे फॅशिआच. वहीचं पान आडवं घ्या आणि सहाव्या-सातव्या मणक्याच्या पातळीवर मान आडवी कापली तर काय दिसेल ते काढायला बसा.

मागच्या अंगाला मध्यभागी मणका. त्याच्या पुढे चिकटलेले चपटे स्नायू, बाजूला स्केलिन स्नायू. मणक्यापुढे अन्ननलिका, तिच्यापुढे श्वासनलिका, आणि श्वासनलिकेला पुढून-बाजूनं मिठी मारणारी थायरॉइड ग्रंथी. तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन वर्तुळं: आतल्या अंगाला आर्टरी, बाहेरच्या अंगाला व्हेन, दोघींच्या मध्ये मागे व्हेगस नर्व्ह. त्यांच्यावर तिरपा स्टर्नोमॅस्टॉइड स्नायू, मागे ट्रॅपिझियस स्नायू.

आता रंगीत पेन्सिली घ्या. पहिल्या रंगानं सगळ्या मानेभोवती उपरण्यासारखा वेढा द्या. ट्रॅपिझियस आणि स्टर्नोमॅस्टॉइड आले की पापुद्रा दुभंगून त्यांना पोटात घेतो आणि पुन्हा एक होतो. हा इन्व्हेस्टिंग लेयर. दुसऱ्या रंगानं मणका आणि त्याला चिकटलेल्या स्नायूंना वेढा, तो प्रीव्हर्टिब्रल. तिसऱ्यानं श्वासनलिका, थायरॉइड आणि अन्ननलिका वेढा, तो प्रीट्रॅकियल. चौथ्यानं बाजूच्या तीन वर्तुळांभोवती नळी काढा, ती कॅरॉटिड शीथ. शीथ म्हणजे म्यान. हे म्यान आर्टरीवर जाड असतं आणि व्हेनवर पातळ, कारण व्हेनला फुगायला जागा लागते.

थायरॉइडची गाठ आवंढा गिळताना वर का सरकते, याचं उत्तर तिसऱ्या रंगात आहे. प्रीट्रॅकियल फॅशिआनं ग्रंथीला स्वरयंत्राशी बांधून ठेवलंय, त्यामुळे ते वर गेलं की ग्रंथीही जाते. ओपीडीत गलगंडाच्या पेशंटला डॉक्टर पाणी प्यायला लावतात ते याचसाठी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रंगाच्या मधली मोकळी जागा, म्हणजे घशाच्या मागची, मात्र जपून समजून घ्या. खालच्या दाढांचं इन्फेक्शन जबड्याखालच्या जागेत उतरतं, तिथून घशाच्या बाजूला आणि तिथून घशाच्या मागे. तिथे प्रीव्हर्टिब्रलच्या पुढे आणखी एक पातळ पदर असतो, ॲलर फॅशिआ. या दोघांच्या मधल्या फटीला डेंजर स्पेस म्हणतात, कारण ती कवटीच्या तळापासून थेट डायफ्रामपर्यंत उघडी असते. दाढेतला पू छातीत पोहोचू शकतो तो या वाटेनं. दाढदुखीनंतर ज्याच्या जबड्याखाली कडक सूज आली, जीभ वर उचलली गेली, लाळ गिळता येईना, त्याला सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टीत न्यायचं असतं. यामागे काही असेल तर हा नकाशा आहे.

मुंबईसारख्या शहरात टीबी अजून घरोघरच्या ओळखीचा आजार आहे, म्हणून हेही पक्कं करा. मानेच्या मणक्याच्या टीबीचा पू प्रीव्हर्टिब्रल फॅशिआच्या मागे साठतो, त्यामुळे घशात बघितलं तर फुगवटा मध्यरेषेवर दिसतो. लहान मुलांमध्ये घशामागच्या लिम्फ नोडमध्ये पू झाला तर फुगवटा एका बाजूला दिसतो, कारण फॅशिआच्या पुढच्या त्या जागेला मध्यभागी पडदा असतो. पापुद्र्याच्या पुढे की मागे, एवढ्यावरून आजार ओळखता येतो. मणक्याचा पू बाजूला सरकला तर तो स्टर्नोमॅस्टॉइडच्या मागे वर येतो. ब्रेकियल प्लेक्ससभोवती हाच पापुद्रा नळीसारखा काखेपर्यंत जातो, त्यामुळे पू कधी कधी काखेतही उतरतो.

सुरी हातात घेतल्यावर

खांद्यांखाली लाकडी ठोकळा द्या, हनुवटी वर, चेहरा पलीकडे. छेद तीन: हनुवटीपासून छातीच्या खाचेपर्यंत मध्यरेषेवर, जबड्याच्या खालच्या कडेनं कानामागच्या उंचवट्यापर्यंत, आणि गळ्याच्या हाडावरून खांद्याच्या टोकापर्यंत. मानेची कातडी पातळ असते आणि लगेच खाली प्लॅटिझ्मा हा पातळ स्नायू असतो, म्हणून सुरी उभी धरू नका, पातं जवळजवळ आडवं ठेवा. प्लॅटिझ्मा वर उलटला की एक्स्टर्नल जुग्युलर व्हेन दिसते, आणि स्टर्नोमॅस्टॉइडच्या मागच्या कडेच्या मध्याजवळून कातडीकडे जाणाऱ्या चार नर्व्ह बाहेर पडताना दिसतात.

त्या कडेपासून ट्रॅपिझियसकडे तिरपी जाणारी आणखी एक नर्व्ह आहे, ॲक्सेसरी. ती लेव्हेटर स्कॅप्युली स्नायूवरून जाते आणि तिच्यावर इन्व्हेस्टिंग लेयर, चरबी आणि कातडी सोडली तर काहीच नसतं. गंडमाळांची गाठ तपासायला याच भागातून काढतात. हात चुकला तर पेशंटचा खांदा उतरतो आणि केस विंचरायला हात वर जात नाही. ती सापडल्यावर तिला रंगीत दोरा बांधून ठेवा.

एक व्यवहारातली गोष्ट. फॉर्मलिनमधल्या शरीरात सगळंच राखाडी दिसतं, त्यामुळे रंगावर विश्वास ठेवू नका, बोटांवर ठेवा. नर्व्ह भरीव लागते आणि बोटांत सुतळीसारखी फिरते. आर्टरी दाबली की तिची जाड भिंत परत उचलते. व्हेन चपटी असते, बऱ्याचदा आत काळं गोठलेलं रक्त असतं. कात्री मिटून आत घाला आणि नर्व्हच्या दिशेला समांतर उघडा. आडवी उघडाल तर बारीक फांद्या तुटतील. आणि फ्रेनिकनं मला शिकवलेलं: स्नायूवरचा चकचकीत पापुद्रा कापण्याआधी त्याच्या आडून काय दिसतंय ते बोटानं लोळवून बघा.

म्यानातले तिघे

स्टर्नोमॅस्टॉइड खालून, छातीच्या हाडावरून आणि क्लॅव्हिकलवरून सोडवा आणि कानाकडे उलटा. वरच्या तिसऱ्या भागात ॲक्सेसरी नर्व्ह त्याच्या आतल्या अंगानं शिरते, तिथे ओढाताण नको. खाली कॅरॉटिड शीथ उभी दिसेल, तिच्यावरून तिरपा ओमोहायॉइड. शीथच्या पुढच्या भिंतीतच एक बारीक नर्व्हचा फास असतो, अँसा सर्व्हायकॅलिस. बहुतेक टेबलांवर तो पहिल्या पाच मिनिटांत तुटतो, कारण मुलं शीथ उघडायला उतावीळ झालेली असतात. आधी फास सोडवा, मग म्यान उघडा.

आत आर्टरी आतल्या अंगाला, इंटर्नल जुग्युलर व्हेन बाहेरच्या अंगाला, व्हेगस मागे खाचेत. व्हेन एका बोटानं बाहेर आणि आर्टरी आत सारली की व्हेगस वर येते. जुग्युलर व्हेनच्या कडेनं लिम्फ नोड्सची माळ उतरते. पुस्तकात ती एका परिच्छेदात उरकलेली असते, पण परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून उभं आहे आणि तिथल्या सर्जनचं निम्मं आयुष्य याच माळेभोवती जातं. तंबाखू आणि गुटख्यानं होणारा तोंडाचा कॅन्सर पहिल्यांदा इथेच पसरतो. जॉर्ज क्राइल या अमेरिकन सर्जननं १९०६ साली नेक डिसेक्शनचं सविस्तर वर्णन केलं. त्या पद्धतीत नोड्सबरोबर जुग्युलर व्हेन, स्टर्नोमॅस्टॉइड आणि ॲक्सेसरी नर्व्ह असं सगळंच काढून टाकत. पुढच्या पिढ्यांनी शक्य तिथे हे तिन्ही वाचवायला सुरुवात केली. पापुद्रे आणि त्यांच्या मधल्या जागा नीट कळल्यामुळेच ते जमलं.

वर थायरॉइड कार्टिलेजच्या वरच्या कडेला कॉमन कॅरॉटिड दुभागते. इंटर्नल कोणती आणि एक्स्टर्नल कोणती हे नावावरून ठरवू नका, कारण सुरुवातीला एक्स्टर्नलच आतल्या बाजूला असते. जिला मानेत फांद्या फुटतात ती एक्स्टर्नल. इंटर्नलला मानेत एकही फांदी नसते. स्पॉटरमध्ये, म्हणजे पिन लावलेला भाग ओळखायच्या परीक्षेत, हाच प्रश्न येतो आणि फांदीवर पिन नसेल तर मुलं हमखास चुकतात, म्हणून वर-खाली बोट फिरवून बघायची सवय लावा.

थायरॉइडपाशी

स्टर्नोहायॉइड आणि स्टर्नोथायरॉइड हे पट्ट्यासारखे स्नायू बाजूला केले की ग्रंथी उघडी पडते. मधली पट्टी श्वासनलिकेच्या दुसऱ्या ते चौथ्या कडीवर, दोन लोब बाजूंना.

इथे दोन जोड्या पाहायच्या. वरच्या टोकाला सुपिरियर थायरॉइड आर्टरी आणि तिच्याबरोबरची एक्स्टर्नल लॅरिंजियल नर्व्ह. ही नर्व्ह क्रिकोथायरॉइड स्नायूला जाते आणि तो स्वरतंतू ताणतो. तिला इजा झाली तर माणूस बोलतो, पण तार सप्तकात आवाज चढत नाही. ग्रंथीच्या टोकाजवळ दोघी वेगळ्या होतात, म्हणून सर्जन आर्टरी टोकाच्या अगदी लगत बांधतात.

खालची जोडी म्हणजे इन्फिरियर थायरॉइड आर्टरी आणि रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या खाचेत बोट घाला, नर्व्ह तिथे उभी सापडेल. क्रिकोथायरॉइड सोडला तर स्वरयंत्राचे आतले सगळे स्नायू तिच्यावर चालतात. उजवीकडची सबक्लेव्हियन आर्टरीखालून वळून वर येते. डावीकडची छातीत उतरून एऑर्टाच्या कमानीखालून वळते. म्हणूनच छातीतल्या गाठीनं कधी कधी आवाज बसतो, आणि तो डाव्या नर्व्हमुळे. नर्व्ह आर्टरीच्या पुढून जाते, मागून जाते की तिच्या फांद्यांमधून, हे माणसागणिक बदलतं. तुमच्या टेबलावर काय आहे ते वहीत काढून ठेवा आणि शेजारच्या टेबलावर जाऊन ताडून बघा.

ग्रंथीच्या मागच्या बाजूला मसुराच्या डाळीएवढ्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, सहसा चार. फॉर्मलिनमध्ये त्या चरबीतून ओळखणं अवघड जातं. इन्फिरियर थायरॉइड आर्टरीच्या बारीक फांद्या पकडून गेलात तर सापडण्याची शक्यता जास्त, कारण त्यांचं रक्त मुख्यतः तिथूनच येतं.

दादरचा पूल

आता लेखाच्या मुख्य जागेवर आलो. दादर स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं की एका हाताला पश्चिम रेल्वे, दुसऱ्या हाताला मध्य रेल्वे. नवख्या माणसाला तिथे नुसती गर्दी दिसते. पण पूल माहीत असणारा डोळे मिटून सांगतो की विरार लोकल कुठे लागेल आणि कल्याणची कुठे. मानेच्या मुळात स्केलिनस अँटिरियर म्हणजे तो पूल. तो सापडला की बाकी सगळं त्याच्यावरून मोजायचं.

क्लॅव्हिकलचं छातीकडचं टोक सोडवून किंवा मधोमध करवतून बाजूला करा. करवत चालवताना खाली चपटा चिमटा सरकवून ठेवा, कारण सबक्लेव्हियन व्हेन तिथेच असते. कॅरॉटिड शीथ आत सारा. तिसऱ्या ते सहाव्या मणक्याच्या आडव्या प्रवर्धांवरून निघून तिरपा खाली-बाहेर जाणारा, पहिल्या बरगडीवरच्या त्या टोकाला चिकटणारा स्नायू म्हणजे स्केलिनस अँटिरियर. बरगडीपर्यंत बोट न्या, टोक लागलं म्हणजे स्नायू बरोबर आहे.

आधी त्याच्या पुढचं. पापुद्र्याखाली, स्नायूच्या अंगाला लागून, फ्रेनिक. स्नायू तिरपा आणि नर्व्ह जवळजवळ उभी, म्हणून ती बाहेरच्या कडेनं येऊन आतल्या कडेनं उतरते. मानेत उभी जाणारी आणि स्केलिनस अँटिरियरला बाहेरून आत ओलांडणारी नर्व्ह दिसली की ती फ्रेनिक, हे एकदा डोळ्यांत बसलं की माझ्यासारखी चूक होणार नाही. तिच्यावरून दोन आर्टरी आडव्या जातात, ट्रान्सव्हर्स सर्व्हायकल आणि सुप्रास्कॅप्युलर. त्या दोघी जणू तिला स्नायूवर बांधून ठेवतात. आणखी खाली, बरगडीजवळ, सबक्लेव्हियन व्हेन स्नायूच्या पुढून जाते.

आता मागचं. बोटाचं टोक स्नायूच्या बाहेरच्या कडेनं मागे न्या. वर ब्रेकियल प्लेक्ससच्या जाड दोऱ्या, खाली सबक्लेव्हियन आर्टरी, मागे स्केलिनस मीडियस. आर्टरी आणि प्लेक्सस दोघंही या दोन स्नायूंच्या फटीतून बाहेर पडतात. हातावरच्या ऑपरेशनसाठी भूलतज्ज्ञ याच फटीत औषध सोडतात, आणि नेहमीच्या मात्रेत दिलं तर बहुतेक वेळा त्या बाजूचा डायफ्राम काही तास सुस्त होतो. का, ते आता तुम्हीच सांगाल. औषध पुढे पसरलं की स्नायूवरची फ्रेनिक भिजते. कुणाला सातव्या मणक्यापासून जास्तीची बरगडी असते. मग ही फट चिंचोळी होते आणि करंगळीच्या बाजूनं हात बधिर होऊ लागतो.

सबक्लेव्हियन आर्टरीचे तीन भाग या स्नायूवरूनच पडतात: पहिला त्याच्या आतल्या बाजूला, दुसरा मागे, तिसरा बाहेर. मोठ्या फांद्या पहिल्या भागातून निघतात. वर चढणारी व्हर्टिब्रल, खाली छातीत जाणारी इंटर्नल थोरॅसिक, आणि फुटल्याबरोबर तीन वाटांनी जाणारी थायरोसर्व्हायकल. तिच्याच वाटांपैकी एक इन्फिरियर थायरॉइड, जी आपण ग्रंथीपाशी पाहिली. मागे जाऊन ती तिथपर्यंत बोटानं जोडून घ्या. दोन वेगळ्या दिवशी पाहिलेल्या गोष्टी जुळल्या की मान एकसंध होते.

डावीकडे थोडं थांबा

डाव्या बाजूचं टेबल ज्यांना मिळालं त्यांना थोरॅसिक डक्ट, म्हणजे लिम्फ रक्तात नेऊन सोडणारी मोठी नळी, शोधायची संधी आहे. सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीची ही नळी पोटातून छातीतून वर येते, सातव्या मणक्याच्या पातळीवर कमानीसारखी बाहेर वळते, कॅरॉटिड शीथच्या मागून आणि व्हर्टिब्रल आर्टरीच्या पुढून जाऊन डाव्या जुग्युलर आणि सबक्लेव्हियन व्हेनच्या कोनात उघडते. ती पातळ भिंतीची, रिकामी, मण्यांच्या माळेसारखी दिसते आणि छोट्या व्हेनसारखी वाटते. कोनापासून उलटं शोधत गेलात तर लवकर सापडते. जठराच्या कॅन्सरची गाठ कधी डाव्या क्लॅव्हिकलच्या वर हाताला लागते ती या नळीमुळे.

घशाच्या मागे

श्वासनलिका आणि अन्ननलिका दोन्ही एकत्र पुढे उचला आणि मागे बोट घाला. विनासायास वर कवटीकडे आणि खाली छातीकडे बोट सरकतं, कारण हीच ती पू वाहणारी मोकळी जागा. वहीत रंगवलेली फट बोटाला लागली की त्या चित्राचा अर्थ कळतो. तळाशी प्रीव्हर्टिब्रल फॅशिआ, त्याखाली लाँगस कोलाय आणि लाँगस कॅपिटिस. या स्नायूंवर फार वेळ घालवायची गरज नाही, ओळखता आले की पुरे.

सिम्पथेटिक साखळी मात्र शोधाच. ती म्यानाच्या आत नसते, म्यानाच्या मागे असते, आणि व्हेगसशी तिची गल्लत सर्रास होते. शीथ उचलली की जी बरोबर येते ती व्हेगस, जी खाली चिकटून राहते ती साखळी. वरचा गँग्लिऑन दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यापुढे, लांबट आणि सर्वांत मोठा. मधला सहाव्यापाशी, कधी कधी सापडतही नाही. खालचा बहुधा छातीतल्या पहिल्या गँग्लिऑनशी जुळून पहिल्या बरगडीच्या मानेवर बसलेला, त्याला स्टेलेट म्हणतात. फुप्फुसाच्या टोकाचा कॅन्सर इथपर्यंत आला तर पेशंटची पापणी उतरते, बाहुली लहान होते आणि चेहऱ्याच्या त्या बाजूला घाम येत नाही. डोळ्याच्या तक्रारीचं मूळ मानेच्या तळाशी सापडतं.

वरचा कोपरा

जबड्याच्या कोनामागे जागा कमी आणि माणसं जास्त. तिथे डायगॅस्ट्रिक या दोन भागांच्या स्नायूचं मागचं पोट (मागचा भाग) शोधा आणि त्याच्या खालून जाणाऱ्यांना एकेक करून ओळखा. हायपोग्लॉसल नर्व्ह ऑक्सिपिटल आर्टरीला वळसा घालून दोन्ही कॅरॉटिडच्या पुढून जिभेकडे जाते, ती आधी मिळते. ग्लॉसोफॅरिंजियल त्याहून खोल, दोन कॅरॉटिडच्या मधून, स्टायलोफॅरिंजियस स्नायूला बिलगून. हा स्नायू सापडला तर ती सापडलीच. एका दिवसात हा कोपरा पूर्ण होत नाही. दोन दिवस ठेवा.

त्याच रात्री

हॉलमधून आल्यावर चहा घ्या आणि पुस्तक न उघडता तीन चित्रं काढा: आडवा छेद चार रंगांत, स्केलिनस अँटिरियर आणि त्याच्या पुढचे-मागचे, आणि दोन्ही बाजूंच्या रिकरंट नर्व्हची वळणं. अडलात तिथे रिकामी जागा सोडा. ती जागा भरायला पुस्तक नको, दुसऱ्या दिवशी टेबलावर जा.

टेबल सोडण्याआधीची कामं गटातल्या सगळ्यांनी मिळून करा, हॉलमधल्या मामांवर टाकू नका. उलटलेले स्नायू आणि कातडी परत जागेवर आणा, ओलं कापड मानेवर नीट बसवा, नाहीतर दोन दिवसांत नर्व्ह सुकून दोऱ्यासारख्या तुटतात. काढलेली चरबी आणि पापुद्र्यांचे तुकडेही त्याच टेबलाच्या डब्यात ठेवा, कारण शेवटी निरोप त्याच शरीराबरोबर द्यायचा असतो. कुणीतरी मागे घरच्यांना सांगून ठेवलेलं असतं की माझं शरीर मुलांना शिकायला द्या. चेहऱ्यावरचं कापड सरळ करा आणि मगच हातमोजे काढा.